आखाजीला ग्रुपवर आलेलं विमान

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेलं की पहिली रात्र धाब्यावर, घराच्या मातीच्या छतावरच काढायची हे ठरलेलं. घर आता पुढून स्लॅबचं झालंय पण मागच्या दोन खोल्यांवर अजून मातीचं धाबं आहे आणि अण्णांनी ते पाडू दिलेलं नाही, कारण एप्रिल-मेमध्ये आमच्याकडचा स्लॅब रात्री बारापर्यंत तव्यासारखा तापलेला असतो आणि धाबं मात्र आठ-नऊला पाणी शिंपडलं की गार होतं. २०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती. पहलगाम होऊन जेमतेम आठवडा झालेला. सकाळी घागर पुजून झाली, दुपारी रस-पुरणपोळी झाली, गल्लीतल्या पोरींचा झोका आणि गाणी झाली, पण सगळ्यांचं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये. रात्री वर गोधड्या टाकल्या तर अंधारात सात-आठ चेहरे स्क्रीनच्या उजेडात, कोणी कोणाशी बोलत नाही, फक्त मधून मधून एखादा म्हणणार, हे पाह्यलं का.

तेवढ्यात घरच्या ग्रुपवर एक फोटो आला. मोठं जम्बो विमान, पण नाक नेहमीसारखं टोकदार नाही, तिथे एक गोल गोळा बसवलेला आणि त्या गोळ्यात काच. खाली लिहिलेलं की हे भारताचं नवं लेझर विमान, आता शत्रूचं मिसाईल हवेतच राख, प्रत्येक भारतीयाने शेअर करा.

पाच मिनिटांत अकरा जणांनी हात जोडले, तिरंगे टाकले. बबनकाका खालच्या खोलीतून ओरडले, "आता काही खरं नाही भो त्यायचं!" आईनं मोबाईल लांब धरून फोटो पाहिला आणि विचारलं, "त्यात बसलेल्या पोरायले नही भाजत का ते?" अण्णा वरणगावच्या फॅक्टरीत बत्तीस वर्षं होते, काडतुसांत आयुष्य गेलेला माणूस, त्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाले, "अन् याले काडतूस कुठी बसवता?" आणि माझा भाचा तेजू, तेव्हा सतरा वर्षांचा, फोन अगदी डाव्या बाजूला धरून, तो आता फोन असाच धरतो, म्हणाला, "आत्या, ह्या विमानाला एकच डोळा आहे."

ह्या चार वाक्यांनी त्या रात्री मला झोपू दिलं नाही.

मी जळगावला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, म्हणून तो फोटो बघताक्षणी ओळखला. ते विमान आपलं नाही. ते अमेरिकेचं वायएएल-१, बोईंग ७४७ मालवाहू विमानात बदल करून बनवलेलं, १९९६ मध्ये प्रकल्प सुरू झाला. नाकातल्या त्या गोळ्यात दीड मीटर व्यासाची दुर्बीण होती आणि मागे विमानभर रसायनांच्या टाक्या. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर हेच आहे, त्या लेझरलाही दारूगोळा लागायचाच. क्लोरीन वायू, हायड्रोजन पेरॉक्साइड, आयोडीन, ह्यांच्या अभिक्रियेतून मेगावॉटच्या घरातला किरण निघायचा. ११ फेब्रुवारी २०१० ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ त्यानं उडत्या विमानातून एक बॅलिस्टिक मिसाईल पाडून दाखवलं, मिसाईल सुटल्यापासून दोन मिनिटांच्या आत सगळं आटोपलं. जगभर तेव्हाही असेच हात जोडले गेले असतील. पण त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी संसदेत सांगितलं होतं की हा लेझर २० ते ३० पट जास्त ताकदीचा असल्याशिवाय उपयोग नाही, नाहीतर एवढं मोठं विमान शत्रूच्याच हद्दीत घिरट्या घालत ठेवावं लागेल. २०११ च्या शेवटी प्रकल्प बंद, २०१२ मध्ये विमान ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन उभं केलं आणि २०१४ मध्ये तोडून भंगारात काढलं. ५ अब्ज डॉलरच्या वर खर्च झाला होता.

म्हणजे आम्ही अकरा जण ज्याला नमस्कार करत होतो ते विमान दहा-अकरा वर्षांपूर्वीच मोडलेलं. मी हे सगळं टाईप केलं, दोन-तीनदा वाचलं, आणि पुसून टाकलं. का पुसलं ते मी नंतर खूपदा स्वतःला विचारलंय. त्या आठवड्यात लोकांच्या मनात जे दुःख आणि जो राग होता त्यापुढे, अहो हा फोटो जुना आहे, असं म्हणणं म्हणजे मयताच्या घरी जाऊन हिशोब विचारण्यासारखं वाटलं. शिवाय बातमी पूर्ण खोटीही नव्हती ना. १३ एप्रिलला, म्हणजे आखाजीच्या सतरा दिवस आधी, डीआरडीओनं, आपल्या संरक्षण संशोधन संस्थेनं, कर्नूलच्या रेंजवर ३० किलोवॉटचा लेझर वापरून एक विनापायलट विमान आणि ड्रोनचा थवा पाडला होता. ते खरं होतं आणि मला त्याचा अभिमान आहे, मी वर्गात पोरांना त्याचा व्हिडिओ दाखवला होता. फक्त तो लेझर ट्रकवर होता, विमानात नाही. कोणीतरी त्या बातमीला हा फोटो चिकटवला आणि सोडून दिला.

आईला मात्र मी उत्तर दिलं, कारण तिचा प्रश्न सगळ्यात चांगला होता. आतल्या पोरांना भाजतं का? म्हटलं, आई, आपल्या मळ्यातली ५ एचपीची मोटार आहे ना, तशा आठ मोटारी एकदम चालल्या की जेवढी ताकद तेवढा तो ३० किलोवॉटचा किरण, आणि तो काढायला आत वीज त्याच्या किती तरी जास्त घालावी लागते, बाकीची सगळी उष्णता होऊन आतच राहते. ती उष्णता बाहेर काढायची कशी हाच मोठा प्रश्न आहे. ट्रकवर मोठा कूलर ठेवता येतो, जागा आहे. विमानात जागा नाही, वजन नको, वर सगळं थरथरतंय, आणि त्या थरथरीत किती तरी किलोमीटरवरच्या हलत्या वस्तूच्या एकाच ठिकाणी किरण काही सेकंद धरून ठेवायचा. अमेरिकेनं नंतर लढाऊ विमानासाठी छोटा लेझर करायला घेतला होता, सी-१३० जातीच्या विमानावर ६० किलोवॉटचा बसवायचं ठरवलं होतं, दोन्ही प्रकल्प २०२४ मध्ये गुंडाळले. रशियानं तर १९८१ मध्येच अशा कामासाठी एक विमान उडवलं होतं. १९८३ मध्ये अमेरिकेच्याच एका जुन्या विमानानं लेझरनं पाच छोटी मिसाईलं निकामी केली होती. चाळीस वर्षं झाली, प्रत्येक वेळी लोक म्हणतात आता आलंच. इस्रायलनं २०२१ मध्ये छोट्या सेस्ना विमानातून ड्रोन पाडले, ते जमलं, कारण ड्रोन हलके आणि जवळ होते, एका किलोमीटरच्या आतबाहेर.

आई म्हणाली, "म्हणजे भाजतं."

मे महिन्यात आमच्याकडे ४५-४६ डिग्री होतं. भुसावळ-यावल रस्त्यावर दुपारी उभं राहिलं तर लांबचा डांबरी रस्ता पाण्यासारखा हलताना दिसतो, केळीच्या बागेच्या कडेची शेवरी वाकडीतिकडी दिसते. ह्या झळाच लेझरच्या सगळ्यात मोठ्या शत्रू आहेत. गरम-गार हवेचे थर एकमेकांत मिसळतात, उजेड वाकतो, किरण पसरतो, आणि वर तो किरण स्वतःच हवा तापवतो आणि स्वतःचीच वाट बिघडवतो. म्हणून त्या जुन्या विमानात एक नाही तीन-तीन लेझर होते, एक निशाणा धरायला, एक मधली हवा कशी हलतेय ते मोजायला, आणि त्याप्रमाणे एका आरशाचा आकार क्षणाक्षणाला बदलून मग तिसरा, मोठा, सोडायचा. मी हे वर्गात शिकवते तेव्हा खिडकीतून ग्राउंडकडे बोट दाखवते, पोरांना लगेच कळतं. खान्देशातल्या पोराला झळा समजावून सांगाव्या लागत नाहीत.

पण लोकांच्या डोक्यात जो लेझर आहे तो हा नाही. त्यांच्या डोक्यात लाल किंवा हिरवी रेघ आहे, आवाज आहे, समोर स्फोट आहे. खऱ्या लेझर हत्याराचा किरण बहुतेक वेळा दिसतच नाही, इन्फ्रारेड असतो, आवाज नाही, धूर नाही. लहानपणी आपण भिंगानं कापूस पेटवायचो, आधी काहीच होत नाही, मग एक काळा ठिपका, मग धूर. तसंच मिसाईलच्या टाकीचा पत्रा तापतो, नरम पडतो आणि आतल्या दाबानं फाटतो. बघणाऱ्याला फक्त एवढंच दिसतं की एक वस्तू उडत होती आणि ती पडली. आणि जे दिसत नाही त्याबद्दल माणूस काय वाट्टेल ते मानू शकतो, चांगलंही आणि वाईटही, ह्याची मला खरी भीती वाटते.

२०२२ चा गुढीपाडवा आठवत असेल बऱ्याच जणांना. २ एप्रिल, संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला आकाशातून जळते तुकडे रांगेनं जाताना दिसले, जळगाव, बुलढाणा, विदर्भ, तिकडे मध्य प्रदेश, सगळीकडे. आम्ही गच्चीवर होतो. कोणी म्हणालं विमान पेटलं, कोणी म्हणालं मिसाईल, आणि शेजारच्या वहिनी पोरांना ओढत खाली घेऊन गेल्या कारण त्यांना भावाचा फोन आला होता की वरून किरण मारू राह्यले. नंतर चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची भलीमोठी कडी पडलेली सापडली, चिनी रॉकेटचा परत आलेला भाग असावा असं अभ्यासकांनी सांगितलं. तोपर्यंत लोकांनी आपापलं उत्तर ठरवून टाकलं होतं.

आणि हे काही आपल्याच लोकांचं आहे असं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांवर लाहायना हे गाव आगीत जळालं, शंभराच्या आसपास माणसं गेली. तेव्हा शिकल्या-सवरल्या अमेरिकेत किती तरी लोकांनी हे पसरवलं की विमानातून किंवा उपग्रहातून लेझर मारून गाव पेटवलं. पुरावा म्हणून एक फोटो फिरत होता, आकाशातून खाली उतरणारी प्रकाशाची रेघ, तो निघाला एका रॉकेट उड्डाणाचा काही वर्षांपूर्वीचा फोटो. काही जण तर म्हणत होते निळ्या रंगाच्या वस्तू लेझरला जळत नाहीत म्हणून त्या वाचल्या. आग लागली होती जोराच्या वाऱ्यात तुटून पडलेल्या विजेच्या तारांनी. ज्यांची माणसं गेली त्यांना हे सगळं वाचावं लागलं असेल, ते मला सहन होत नाही.

मला का सहन होत नाही तर राईनपाडा. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. सोलापूरकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते, एवढ्यावरून जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. आमच्या खान्देशात झालंय हे. ज्यांनी मेसेज पुढे पाठवले त्यांच्यातल्या बहुतेकांना वाटलं असेल आपण लोकांना सावध करतोय. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात, बीड-जालन्याकडे रात्री ड्रोन दिसायला लागले, चोर टेहळणी करतायत म्हणून गावंच्या गावं काठ्या घेऊन जागी राहायची. तेव्हा आमच्या गावातही दोन पोरं रात्री पारावर बसायची. मी भावाला रोज फोन करून विचारायचे, कोणी अनोळखी माणूस तर नाही ना आला गावात? भावाला वाटायचं मला चोरांची भीती वाटते. मला त्या अनोळखी माणसाची काळजी वाटायची.

आखाजीनंतर आठ दिवसांत ऑपरेशन सिंदूर झालं. ७ मे च्या मॉक ड्रिलसाठी देशभरातल्या ठिकाणांची जी यादी आली त्यात भुसावळचं नाव होतं, जंक्शन आहे, ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. मोठी माय असती तर तिनं ७१ चं सांगितलं असतं, खिडक्यांना काळे कागद, चुलीसमोर पोतं, बिडी ओढणाऱ्याला शिव्या. तिच्या काळी भीती आवाजाची होती, भोंगा वाजला की पळायचं. ह्यावेळी पोरं धाब्यावर चढून आकाशात काय दिसतं ते शूट करत होती. सीमेवरचे खरे ड्रोन पाडले जात होते आणि इकडे व्हिडिओ गेममधल्या लढाईच्या क्लिपा खऱ्या म्हणून फिरत होत्या, सरकारच्या फॅक्ट चेकवाल्यांना रोज सांगावं लागत होतं की हे खोटं, ते खोटं. त्यात तो एक डोळ्याचा फोटो पुन्हा दोनदा आला.

आता तेजूचं सांगते. हे लिहायचं की नाही ह्यावर भावाशी बोलले, तो म्हणाला लिही.

२०२३ च्या गणपती विसर्जनाला तालुक्याच्या गावी मिरवणूक बघायला तो मित्रांबरोबर गेला होता. डीजेच्या गाडीवर लेझर लावलेले, हिरवे, धुरातून पंख्यासारखे फिरणारे. पंधरा वर्षांचं पोर, पुढे जाऊन मोबाईलवर शूट करत होतं. एक किरण सरळ डोळ्यात. दुखलं नाही, तो म्हणाला, फक्त फोटोचा फ्लॅश पडल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यानं बघताना जिकडे बघावं तिथेच मधोमध काळा डाग. कोणाचं मंडळ, कोणाची गाडी, ते मी लिहिणार नाही, आणि आम्ही कोणावर तक्रारही केली नाही. त्या वर्षी नाशिक, कोल्हापूरकडूनही अशाच बातम्या आल्या होत्या, तरुण पोरं, रेटिनाला इजा. पुढच्या वर्षी पुण्यासारख्या ठिकाणी पोलिसांनी बंदीचे आदेश काढले.

जळगावच्या डॉक्टरांनी कागदावर डोळा काढून समजावलं, ते मी फिजिक्सची बाई असूनही पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकत होते. डोळ्याचं भिंग आत आलेला उजेड रेटिनावर एका टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत आणतं, लाखभर पट दाट करतं, आणि ज्या जागेनं आपण वाचतो, चेहरा ओळखतो, ती जागा अगदी मधोमध. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. तेवढ्यात व्हायचं ते होऊन जातं. गोळ्या दिल्या, थेंब दिले, काही महिन्यांनी डाग थोडा लहान झाला, गेला नाही.

तेजूला लोको पायलट व्हायचं होतं. भुसावळच्या आसपास वाढलेल्या पोरांना विचारा, दहातल्या चौघांना व्हायचं असतं. त्या नोकरीला ए-वन मेडिकल लागतं, दोन्ही डोळे सहा बाय सहा, विनाचष्मा. त्यानं हे कोणाला बोलून दाखवलं नाही, पण दप्तरात रेल्वे भरतीचं जे पुस्तक होतं ते एक दिवस मला माळ्यावर दिसलं.

म्हणून तो एकच डोळा आहे म्हणाला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. प्रेझेंटेशनला वापरतो तो पॉइंटर ५ मिलिवॉटचा असतो. कर्नूलला चालवला तो त्याच्या ६० लाख पट. आणि तो दिसत नाही. हिरवा किरण निदान दिसतो, माणूस मान फिरवतो, पापणी मिटतो. न दिसणाऱ्या किरणाला पापणी कशासाठी मिटेल? आणि किरण काही फक्त ड्रोनवरच थांबत नाही, चकाकणाऱ्या पत्र्यावरून परावर्तित होतो, चुकला तर पुढे जातो. खाली शेतात पाणी भरणारा कोणी वर बघत असेल तर? आमच्याकडे वीज रात्रीची येते, रात्री मळ्यात माणसं असतातच.

हा प्रश्न जगानं एकदा विचारला होता, आणि वेळेवर विचारला होता, हे मला तेजूच्या आजारपणात वाचताना कळलं आणि मला इतका धीर आला की मी रात्री एक वाजता भावाला उठवून सांगितलं. सैनिकांना कायमचं आंधळं करण्यासाठीच बनवलेले लेझर तेव्हा तयार व्हायला लागले होते. रेडक्रॉसनं डोळ्याचे डॉक्टर बोलावले, सैन्यातली माणसं बोलावली, मानवी हक्कवाल्यांनी आवाज उठवला, सामान्य लोकांना त्या कल्पनेचीच शिसारी आली, आणि १३ ऑक्टोबर १९९५ ला व्हिएन्नामध्ये करार झाला की अशी हत्यारं वापरायचीही नाहीत आणि कोणाला द्यायचीही नाहीत. १९९८ पासून तो लागू आहे, भारतही त्यात आहे. हत्यार रणांगणात यायच्या आधीच त्यावर बंदी, असं त्याआधी झालं होतं ते १८६८ मध्ये, सेंट पीटर्सबर्गला, अंगात गेल्यावर फुटणाऱ्या गोळ्यांवर. हे अण्णांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, फॅक्टरीत आम्हाला कोणी हे नव्हतं सांगितलं, पण गोळी कशी असावी कशी नसावी ह्याचा नियम असतो एवढं माहीत होतं, तो कुठून आला ते आज कळलं.

तो करार फार अरुंद आहे हेही खरं. मुद्दाम आंधळं करायलाच बनवलेल्या लेझरवर बंदी आहे. ड्रोन पाडणाऱ्या, कॅमेरा निकामी करणाऱ्या लेझरमुळे जाता जाता कोणाचे डोळे गेले तर ते त्यात येत नाही, तसं स्पष्टच लिहिलंय. २०१८ मध्ये आफ्रिकेत जिबूतीला अमेरिकेनं तक्रार केली की चिनी तळाकडून आलेल्या लेझरनं त्यांच्या वैमानिकांच्या डोळ्यांना किरकोळ इजा झाली. चीननं नाकारलं. पुढे काय? काही नाही. विमानावर हत्यार चढलं की ते उंचावरून, लांबून, कोणाला कळायच्या आत चालणार, मग कोणाच्या डोळ्याला काय झालं ते मोजणार कोण आणि सिद्ध करणार कसं?

मला हे हत्यार नको असं म्हणायचं नाहीये, हे नीट समजून घ्या. सीमेवरच्या गावावर ड्रोनचा थवा येत असेल आणि तो एका शॉटला हजारभर रुपये खर्चात पाडता येत असेल, ब्रिटननं त्यांच्या लेझरचा खर्च १० पाउंडाच्या आत सांगितलाय, तर त्या गावातल्या बाईला मी कोणत्या तोंडानं सांगू की नको म्हणून. तिची पोरं आहेत तिथे. पण अण्णा त्या रात्री शेवटी जे बोलले ते मला सुटत नाही. म्हणाले, "बंदूक झाडली का खांद्याले कळतं. याले खांदा नही." बत्तीस वर्षं गोळ्या बनवलेला माणूस बोलतोय हे. हजार रुपयांत, आवाज न होता, धक्का न बसता, न दिसता जे चालतं ते चालवायचं कधी थांबवायचं हे ठरवायला काहीतरी खांदा लागेल ना, आणि तो आपल्याशिवाय कोणाचा असणार, हात जोडणाऱ्या आपल्या अकरा जणांचा.

२३ ऑगस्ट २०२५ ला ओडिशाच्या किनाऱ्यावर डीआरडीओनं नवी हवाई संरक्षण यंत्रणा एकत्र चालवून बघितली, दोन प्रकारची मिसाईलं आणि सोबत लेझर, तिन्हींनी आपापलं लक्ष्य पाडलं. चार दिवसांवर गणपती आलेले. ग्रुपवर बातमी आली, आणि बातमीला जोडून तेच विमान, तोच गोळा, तीच काच.

ह्यावेळी मी पुसलं नाही. लिहिलं की चाचणी खरी आहे आणि अभिमानाची आहे, फोटो अमेरिकेच्या मोडलेल्या विमानाचा आहे, आणि लेझर काय करतो ते आपल्या घरात एकाला विचारा. शेवटचं वाक्य लिहिताना हात थरथरत होता. दोन तास कोणी काही बोललं नाही. मग काकांचा फोन आला. "तू मास्तरीन हायेस, तुले सगळ्यात चुकाच दिसता," इथून सुरुवात झाली, चढा आवाज, मी ऐकून घेतलं. मग आवाज खाली आला. म्हणाले, पोराचं आमच्या ध्यानातच नाही आलं माय. आणि मग म्हणाले, आपल्या मंडळाची मीटिंग आहे रात्री, लाईटवाल्याचं अजून ठरलेलं नाही, तू येतेस का?

मी जळगावहून सातच्या एसटीनं गेले. मारुतीच्या पारावर वीस-बावीस पोरं, वर्गणीचा हिशोब चाललेला. काकांनीच विषय काढला. एक जण म्हणाला बाकीची मंडळं लावतात मग आपलीच मिरवणूक फिकी दिसेल, त्याचं बरोबरच होतं त्याच्या जागी, वर्षातून एकदा मिळते ती हौस. मी डोळ्याचं चित्र काढून नेलं होतं, डॉक्टरांनी काढलं होतं तसं, ते मोबाईलच्या टॉर्चमध्ये दाखवलं. तेजू मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याला काही बोलायला सांगितलं नव्हतं, तो बोललाही नाही. साडेदहाला ठरलं की लेझर नाही, त्या पैशात एक ढोलपथक वाढवायचं.

विसर्जनाच्या दिवशी मीही होते. गुलाल, ढोल, केळीच्या खांबांनी सजवलेला ट्रॅक्टर, हॅलोजनचे दोन दिवे, बस. आम्ही दूध डेअरीच्या वळणावर उभे होतो, तेजू माझ्या पुढे. ट्रॅक्टर वळणावर आला, उजेड आधी समोरच्या घरांवर पडला, मग आमच्याकडे वळला, आणि त्याच्यात लेझर नाही हे त्याला पक्कं माहीत असूनही त्यानं तोंड भिंतीकडे केलं आणि ट्रॅक्टर पुढे जाईपर्यंत तसाच उभा राहिला.